सक्त विरोध

बशीर, तुझ्या शोकसभेतल्या एका वाक्याला माझी हरकत आहे. ती ऐकून घ्यायला तू नाहीस, आणि तू समोर नसताना हरकत घ्यायची मला सवय नाही. म्हणून बसून लिहितोय. बसून म्हणालो खरा, पण हे एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो.

शोकसभा कोर्टातल्या आपल्या वकिलांच्या बाररूममध्येच झाली. टेबलावर तुझा फोटो ठेवला होता, तोच, ज्यात तू कॅमेऱ्याकडे न बघता शेजारच्या कुणाला तरी काहीतरी पटवून देतो आहेस. फोटोला हार घालावा की नाही यावर थोडी कुजबुज झाली. तुमच्यात घालत नाहीत हे कुणाच्या तरी लक्षात आलं, मग हार बाजूला ठेवला आणि त्याचं पुढं काय करायचं ते कुणालाच कळेना. तू असतास तर त्या हारावरून भरपूर युक्तिवाद केला असतास. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. इतकं चांगलं, की आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला आलो की काय असं मला वाटायला लागलं. शेवटी आपल्यातले एक ज्येष्ठ उठले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "बशीरभाई आणि मधुकरराव म्हणजे या कोर्टातले दोन पक्के वैरी. पण मेल्यावर वैर संपतं. बघा, आज मधुकररावांचे डोळे भरून आलेत."

डोळे भरून आले नव्हते, संताप आला होता. मला बोलायला सांगितलं तेव्हा 'बशीर गेला' एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. लोक समजले, याचा कंठ दाटला.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. पेपर उघडतो आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतो. जेवताना पाय हलत राहतो. मंगल म्हणाली, एक तर रडून घ्या नाहीतर कोर्टात जा, घरात असं घिरट्या घालू नका. परवा संध्याकाळी काही काम नसताना स्कूटर काढली आणि पळस्प्याच्या फाट्यावर गेलो. गोव्याकडे वळणाऱ्या गाड्या बघत थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. मंगलने विचारलं, काय आणलंत? 

तिथं का गेलो ते तुला सांगायला नको. धर्मा आणि हिराजी या सख्ख्या भावांच्या दाव्यात जागेची पाहणी करून आपण तुझ्या जुन्या स्कूटरवरून परत येत होतो. मी धर्माचा वकील, तू हिराजीचा, आणि दोघं एका स्कूटरवर. तसं बघितलं तर तेच चूक होतं. फाट्याजवळ खड्ड्यात आपटून टायर बसलं. पंक्चरवाला जेवायला गेला होता. त्या सकाळी कोर्टात मी मोठ्या रुबाबात एक वाक्य टाकलं होतं, की माझ्या पक्षकाराचं आपल्या भावाशी वैर नाही, त्याचा फक्त विरोध आहे. तू तेव्हा नुसता हसलास. फाट्यावर मात्र मला धारेवर धरलंस.

"मधू, शब्द वापरायच्या आधी जरा हातात घेऊन बघत जा. विरोध काय, रस्त्यातला खड्डापण करतो. आता आपल्याला केला ना? त्या खड्ड्याला ठाऊक आहे का, बशीर कोण, त्याचा बाप कोण? वैराला ओळख लागते, यार."

मग तू सुरूच झालास. एवढ्या गावात धर्माचं वैर कुणाशी? ज्याच्याबरोबर एका ताटात जेवला त्याच्याशी. परक्याशी भांडण होतं, मारामारी होते, पोलीस केस होते, पण वैर करायचं तर आधी नातं असावं लागतं. मी म्हणालो, तू विषाचं सरबत करतो आहेस. वैर हा घाणेरडा शब्द आहे. आमच्या गावात वैरापायी पिढ्या बरबाद झालेल्या मी पाहिल्यात, विहिरीवरून, मांडवातल्या मानपानावरून. माझा बाप आणि चुलता एकमेकांचं तोंड न बघता गेले. विरोध हा स्वच्छ शब्द आहे, तो दिवसाउजेडी केला जातो आणि कोर्ट सुटलं की संपतो. मी म्हणींवर आलो. मन चिंती ते वैरी न चिंती. रात्र वैऱ्याची आहे. वैऱ्यावरसुद्धा अशी वेळ येऊ नये. तू या शेवटच्या म्हणीला टपून बसला होतास. म्हणालास, बघ, तुझ्याच तोंडून आलं, माणसाला वैऱ्याचीसुद्धा काळजी असते. विरोधकावर वेळ येऊ नये असं कधी ऐकलंयस?

मी नुसता चिडलो. पंक्चर निघालं, वाद तसाच राहिला. पुढं कितीतरी वर्षं तो आपण वर्षातून एकदा तरी काढायचो, आणि प्रत्येक वेळी मी नवीन मुद्दा घेऊन यायचो. एकदाही तुझं बरोबर आहे असं म्हणालो नाही.

त्यात धर्माने तुझ्या हातात आयतं कोलीत दिलं. हिराजीचा उलटतपास होता, मी तयारीत होतो, त्याला पार रडवायचं ठरवून गेलो होतो. पुकारा व्हायच्या आधी धर्माने मला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाला, "वकीलसायब, तो माजा वैरी हाय, पन त्याला दमा हाय. जरा दमानं इचारा." हे मी तुला सांगायला नको होतं. पण चहा घेताना सांगून टाकलं आणि तू टपरीच्या बाकावर मांडी ठोकून हसलास. नंतर ते वाक्य तू जन्मभर माझ्यावर वापरलंस. मी जरा कुठं आवाज चढवला की हळूच म्हणायचास, 'मला दमा हाय.'

चहावरून आठवलं. आपला नियम कुणी केला ते मला आता आठवत नाही, बहुधा तूच केला असशील. ज्याचा अर्ज नामंजूर होईल त्यानं चहा पाजायचा. आपल्या कोर्टात एकानं अर्ज दिला की न्यायाधीश तो समोरच्या वकिलाकडे पाठवतात आणि त्यानं अर्जावरच आपलं म्हणणं लिहायचं. त्याला सगळे 'से' म्हणतात. तू तारखा पुढं ढकलण्यातला बादशहा. कुणाचं लग्न, कुठला उरूस, रोजे आहेत, दुबईहून साडू येतोय आणि त्याला आणायला जायचंय. तुझा प्रत्येक अर्ज माझ्याकडे यायचा आणि मी त्यावर लिहायचो, 'सक्त विरोध.' खाली सही. पेन एवढं दाबून लिहायचो, की मागच्या पानावर अक्षरं उमटायची. तू कागद उजेडाकडे धरून बघायचास आणि म्हणायचास, मधू, आज अक्षराला जोर नाही, बायकोशी भांडलास काय? साडूच्या अर्जाला मी एवढा कडाडून विरोध केला, की न्यायाधीशांना वाटलं साडू म्हणजे दाव्यातला महत्त्वाचा साक्षीदारच आहे.

लोकांना हे कधी कळलं नाही. करंजा बंदरावरची ती कोळीणबाई आठवते? घराच्या जागेची केस घेऊन माझ्याकडे आली होती, तारखेला येताना माझ्यासाठी पिशवीभर सोडे, सुकवलेली कोळंबी, घेऊन. समोर तुझं वकीलपत्र होतं. तारीख झाली, तू आणि मी कोर्टात कडकडून भांडलो, बाई खूश झाली. मग बाहेर आली तर आपण दोघं एका बशीतली भजी खात होतो. तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "तुमी दोगं एकच हाव," म्हणाली, आणि फाईल आणि सोडे घेऊन दुसऱ्या वकिलाकडे गेली. मी हसत होतो. तू मात्र खरंच हळहळलास, बाईबद्दल नाही, सोड्यांबद्दल. भाभींनी केलेली सोड्याची खिचडी मला खिलवायची राहिली म्हणून. नंतर तू स्वतः बाजारातून सोडे आणलेस आणि मला जेवायला बोलावलंस. तिथंही पानावर आपण भांडलो, कशावरून ते आता आठवत नाही.

तर असा तुझा माझा संबंध, बशीर. तुझ्या घरच्या लोकांना तुझ्या डाव्या गुडघ्याचं दुखणं माहीत नव्हतं, मला होतं, कारण युक्तिवाद कच्चा असला की तू डाव्या पायावर भार न देता उभा राहायचास आणि बाजू पक्की असली की दोन्ही पायांवर. तुला माझं सगळं माहीत होतं. 'माझ्या पक्षकारानं ही जमीन एकट्यानं कसली,' असं मी म्हणालो रे म्हणालो, की तू जागेवरून न उठता, वर न बघता एकच शब्द टाकायचास, 'एकट्यानं?' बस. माझी पुढची सगळी वाक्यं लंगडी व्हायची. न्यायाधीश बदलले, कोर्टाची इमारत बदलली, ते शेत विमानतळात गेलं आणि भावांचं भांडण बदल्यात मिळालेल्या उलव्याच्या भूखंडावर आलं, पण तुझं 'एकट्यानं?' तेच राहिलं. इतकं, की ते वाक्य म्हटल्यावर मी आपोआप थांबायला लागलो. तुझ्यासाठी जागा सोडायचो.

आता ते लिहितो, ज्यासाठी एवढा वेळ उठबस चालली आहे.

तू हॉस्पिटलात होतास. तारखेला तुझी लेक सना आली, वकिलाचा काळा कोट घालून, अर्ज घेऊन. वकील आजारी असल्यामुळे मुदत मिळावी. तिचा चेहरा मी पाहिला आणि तब्येतीचं काही विचारलं नाही. अर्ज माझ्याकडे आला. मी पेन काढलं आणि लिहिलं, 'हरकत नाही.' आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या अर्जावर हे दोन शब्द लिहिले. अलगद लिहिले. मला वाटलं, शहाण्या माणसासारखं वागलो. सना मान खाली घालून 'थँक्यू काका' म्हणाली. कोर्टातल्या दोन-तीन जणांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, आणि खोटं का बोलू, ते मला आवडलंही.

संध्याकाळी तुझा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"मधू, हरकत नाही लिहिलंस?"

मी म्हणालो, अरे तारखेचं काय घेऊन बसलास, तब्येत सांभाळ.

"डॉक्टर मला काही सांगत नाहीत. सना खोटं बोलते, तिची आई खोटं बोलते. मला वाटलं, एक तू तरी खरं लिहिशील. तू हरकत नाही लिहिलंस म्हणजे मी चाललो."

मी हसायचा प्रयत्न केला. नीट जमलं नाही.  मग म्हणालास, "पुढच्या वेळी नीट लिही," आणि फोन ठेवलास.

पुढची वेळ आलीच नाही. कब्रस्तानात डोक्याला रुमाल बांधून उभा होतो, माती दिली, आणि मनात एकच चाललं होतं, की तुला पहिली खबर मी दिली. सगळ्यांनी तुझ्यापासून लपवलं आणि मी दोन शब्दांत सांगून टाकलं, तेही भलेपणा करायला जाऊन. तुला जो आधार वाटत होता तो माझ्या विरोधाचा होता, हे मला आधी कळायला नको होतं का? विरोध म्हणजे कोर्ट सुटलं की संपणारी गोष्ट, असं फाट्यावर छाती ठोकून सांगणारा मीच ना.

तिथं धर्मासुद्धा आला होता, बाजूला उभा होता, आणि हिराजी दुसऱ्या बाजूला. मी धर्माला विचारलं, तू कसा काय आलास. तो म्हणाला, "आमच्या वैऱ्याचा वकील व्हता. आमाला यायाला पायजे." त्याला यात समजावून सांगण्यासारखं काहीच वाटलं नाही. तुला मात्र हे ऐकायला मिळालं असतं तर माझी धडगत नव्हती.

बशीर, तुझी आठवण येते असं साधं वाक्य लिहायला हात धजत नव्हता, म्हणून एवढे कागद भरले. येते. फार येते. सकाळी कोर्टाच्या पायऱ्या चढताना आज याला काय बोलायचं हे मनात जुळवत यायचो. आता पायऱ्या चढतो आणि जुळवायला काही नसतं. मित्र मला पुष्कळ आहेत, सगळे माझं बरोबर आहे म्हणतात. सांत्वनाला आलेले सुद्धा माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. त्यांच्यात एकजण तरी 'कशावरून?' म्हणाला असता तर मी त्याच्या गळ्यात पडलो असतो.

धर्मा-हिराजीच्या दाव्याची तारीख मंगळवारी होती. अखेरच्या युक्तिवादाची. हिराजीनं वकीलपत्र सनाला दिलं होतं. मी फाईल घेऊन बसलो, पण अक्षर लागेना. तू नसलेल्या कोर्टात उभं राहून 'एकट्यानं कसली' म्हणायचं आणि पुढं कुणी काही बोलायचं नाही, हे मला सोसणार नव्हतं. म्हणून मी अर्ज लिहिला. मी, बशीर. वैयक्तिक अडचणीमुळे मुदत मिळावी. धर्माला सांगितलं तर तो नाराज झाला, म्हणाला आमी दोगं पन म्हातारे झालो, तारीख कशाला. पण मला बघून तयार झाला.

न्यायाधीशांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडून असा अर्ज त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. म्हणाले, समोरच्यांचं म्हणणं घ्या. कागद सनाकडे गेला. कोर्टातल्या सगळ्यांना ठाऊक होतं ती काय लिहिणार. बापाचा दोस्त, वयानं मोठा, आणि बापाच्या आजारपणात यानेच 'हरकत नाही' लिहिलेलं. मी तर धर्माला निघायची खूणही केली होती.

तिनं पेन काढलं. दाबून लिहिलं, टेबल हललं इतकं. कागद माझ्या समोरून गेला तेव्हा मी वाचला. 'सक्त विरोध. दावा जुना आहे. दोन्ही पक्षकार वृद्ध आहेत.' आणि खाली सही, तुझ्यासारखीच उजवीकडे चढत गेलेली.

अर्ज नामंजूर झाला. न्यायाधीश म्हणाले, चालवा.

मी उभा राहिलो.  तयारी काही नव्हती, पण इतक्या वर्षांचा दावा, तोंड आपोआप चालायला लागलं. वाटण्या, सातबारा, विमानतळ, भूखंड, सगळं क्रमानं येत गेलं. सना टिपणं काढत होती, वर बघत नव्हती. आणि मग ते वाक्य आलं. माझ्या पक्षकारानं ही जमीन एकट्यानं कसली. सवयीनं थांबलो. जागा सोडली. सोडल्यावर लक्षात आलं की आता ती भरणारा नाही.

"एकट्यानं?" सना म्हणाली. जागेवरून न उठता.

माझी पुढची सगळी वाक्यं लंगडी झाली. मागच्या बाकावर हिराजी खोकला आणि धर्मानं वळून त्याच्याकडे पाण्याची बाटली सरकवली, तोंड दुसरीकडे ठेवून. पुढं मी काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की मी भांडत होतो, आवाज चढला होता, आणि कितीतरी दिवसांनी माझा पाय हलायचा थांबला होता.

पळस्प्याचा वाद मी अजून पूर्ण सोडलेला नाही. माझा बाप आणि चुलता आठवले की आजही म्हणतो, वैर वाईटच. पण मेल्यावर ते संपतं, हे जे शोकसभेत म्हणाले, त्याला माझी हरकत कायम आहे. तेवढी तुझ्या बाजूनं नोंदवून घे.

कोर्ट सुटलं. मी फाईल बांधत उगाच रेंगाळत होतो. सना दारापाशी थांबली होती, तुझी ती जुनी काळी बॅग खांद्याला लावून. डोळे लाल होते तिचे, पण आवाज ठणठणीत.

"काका, अर्ज नामंजूर झालाय," ती म्हणाली, आणि टपरीच्या दिशेनं चालायला लागली.

मी खिसा चाचपत तिच्या मागे गेलो.